स्पॉकचे आडनाव ठरवायला बसण्यापूर्वी

'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेतल्या टोकदार कानांच्या परग्रहवासी स्पॉकचे आडनाव काय, या वादात उडी घ्यायचे आपण ठरवलेच असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. १९६७ पासून चाललेल्या या वादात आजवर कोणीही हरलेले नाही. पुराव्याचे ओझे वाटेल, अशी भीती मुळीच बाळगू नये, कारण मूळ मालिकेतला सगळा पुरावा दोन संवादांत मावतो. त्या वर्षीच्या मार्चमध्ये प्रसारित झालेल्या भागात स्पॉकवर जीव जडलेली एक वनस्पतिशास्त्रज्ञ निरोप घेताना त्याला विचारते, की तुला आणखी एखादे नाव आहे का. तो शांतपणे सांगतो, की तुला ते उच्चारता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये त्याची आई अमांडा येते, यानाचा कॅप्टन कर्क तिला नवऱ्याच्या, म्हणजे स्पॉकच्या वडिलांच्या, नावाने 'मिसेस सारेक' म्हणतो आणि तीही घराण्याचे नाव तुम्हाला जमणार नाही, असे म्हणून मोकळी होते. दोन्ही पटकथा डी. सी. फोंटाना यांच्या, म्हणजे एकाच लेखिकेने एकाच वर्षात दोनदा दाराला कडी घातली. आपण खिडकीतून शिरावे.

त्यासाठी बार्बरा हॅम्बली यांनी १९८५ च्या कादंबरीत दिलेले नाव हाताशी ठेवावे. इंग्रजीत त्यात दोन ठिकाणी वर स्वल्पविराम लटकतो. देवनागरीत अवग्रह घालून 'सऽच्न तऽगाय' असे काहीतरी लिहिता येते. हे मोठ्याने म्हणण्याचा मोह टाळावा, नाहीतर घरातले पाणी आणून देतील. समोरून हमखास उत्तर येईल, की कादंबरीतले ग्राह्य नाही, पडद्यावर दिसेल तेच खरे. येथे स्पॉकचा यानावरचा सहकारी सुलू याला पुढे करावे. त्याचे 'हिकारू' हे नाव व्होंडा मॅकइन्टायर यांच्या १९८१ च्या कादंबरीतून आले आणि १९९१ च्या चित्रपटात त्याने ते स्वतःच्या तोंडाने घेतले. म्हणजे पडद्यालाही कधीकधी उसने घ्यावे लागते. तरीही कोणी पडद्याचीच री ओढत राहिला, तर त्याला १९६६ च्या भागातले कर्कचे थडगे दाखवावे. त्याच्यावर 'जेम्स आर. कर्क' असे ठसठशीत कोरलेले आहे, आणि पुढे जन्मभर तो गृहस्थ 'जेम्स टी. कर्क' म्हणून वावरला. यावर प्रतिपक्ष म्हणेल, की ते थडगे कर्कच्या मित्राने मनःशक्तीने उभारले होते आणि मित्रच आद्याक्षर विसरला असेल. हा युक्तिवाद मनातल्या मनात जपून ठेवावा. पुढे आपल्यालाच लागेल.

मराठी माणसाने या वादात स्वतःला उपरा समजण्याचे कारण नाही. अर्जात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने भरत आपण मोठे झालो. १९८४ च्या चित्रपटात सारेकला 'स्कॉनचे अपत्य, सोलकारचे अपत्य' असे संबोधले जाते. त्या हिशेबाने 'स्पॉक सारेक' हे दोन रकाने बिनचूक भरले गेले आणि तिसरा तेवढा रिकामा राहिला. अशा अर्जावर आपल्याकडचा कारकून काय करतो, हे आपल्याला पाठ आहे. तो रेघ मारतो आणि पुढच्याला बोलावतो. आपण मात्र असा अरसिकपणा करू नये. रेघ मारली, की वाद संपेल, आणि मग रविवारच्या दुपारी करायचे काय?

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. त्या नोव्हेंबरच्या भागाची चर्चा अमांडाच्या पुढच्या वाक्यापर्यंत जाऊ देऊ नये. तुम्हाला तरी उच्चारता येते का, असे कर्क विचारतो, आणि ती सांगते, की कसेबसे जमते, तेही अनेक वर्षांच्या सरावाने. पृथ्वीवरून परग्रही सासरी गेलेली ही बाई ते अवघड नाव वर्षानुवर्षे घोटत राहिली, हे तिने तिथल्या तिथे सांगितले. मग बोलणे बापलेकाच्या अबोल्याकडे वळले, आणि 'बरे, एकदा म्हणून दाखवा' एवढे काही कॅप्टनला सुचले नाही.