'रक्त देऊ नका, केस उडते' म्हणे!

भाच्यानं परवा एक मेसेज पाठवला, खाली 'मामा, सेव्ह करून ठेव'. कुणा वकिलाच्या नावानं फिरतोय. पिऊन गाडी चालवताना सापडलात तर रक्त देऊ नका, घटनेचं कलम 20(3) पाठीशी आहे. डॉक्टर स्पिरिट लावतो म्हणून रिपोर्ट टिकत नाही. दोन तास काढले की केस संपते. तोवर लिंबूपाणी प्या. बारा ग्रुपवर गेलाय. पोरगा पंचविशीचा, शनिवारी मित्रांबरोबर बाहेर. गप्प कसं बसायचं?

लिंबूपाण्यावर शब्द घालवत नाही. 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम अल्कोहोल उतरतं, लिंबू पिळा नाहीतर कॉफी ढोसा. कायद्याची मर्यादा आहे 30 मिलिग्रॅम.

खरा घातक सल्ला नकाराचा. 20(3) आहे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीविरुद्ध. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने म्हणजे अशी साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी 1961 मध्येच काठी कालू ओघड खटल्यात सांगितलं. रक्त त्याच जातीचं. अटकेतल्या आरोपीची तपासणी पोलिसांच्या विनंतीवरून, गरजेपुरतं बळ वापरूनही, डॉक्टर करू शकतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 53, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 51. त्यातल्या 'तपासणी'त रक्ताचा उल्लेख स्पष्ट आहे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 205 या वकीलसाहेबांनी उघडलेलं दिसत नाही. सबळ कारणाशिवाय रक्त नाकारलंत तर तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्याला दुजोरा मानता येतो. म्हणजे वाचायला गेलात आणि हातानं पुरावा देऊन आलात!

स्पिरिटचं म्हणाल तर आपल्या दारूबंदी कायद्याखालचे रक्तचाचणीचे 1959 चे नियम वाचा. त्वचा निर्जंतुक पाण्यानं पुसायची, अल्कोहोल कुठल्याही टप्प्यावर लावायचं नाही, निदान 5 सीसी रक्त घ्यायचं, कुपीत गोठणरोधक आणि परिरक्षक (रक्त खराब होऊ न देणारं द्रव्य) घालून हलवायचं, लेबल, लाख, डॉक्टरचं सील. शिवाय गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे रक्तातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत, दारूतलं इथेनॉल आणि पुसायच्या बोळ्यातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल वेगवेगळं दिसतं.

आता मान्य करावं लागतं ते. हे नियम पाळले नाहीत तर रिपोर्ट खरंच लटकतो. परिरक्षक नसेल तर साठवलेल्या रक्तात जंतूंमुळे अल्कोहोल तयार होऊ शकतं. सलमान खान खटल्यात डिसेंबर 2015 मध्ये उच्च न्यायालयानं नमुना कुणाच्या ताब्यात होता, कसा ठेवला, यावरच बोट ठेवलं. पण ती पोलिसांची ढिलाई. तिच्या भरवशावर कुणी गाडी काढतं का?

दोन तासांचं अर्धसत्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर कोठडीतून सोडायचं. गुन्हा मिटतो असं तिथे कुठे लिहिलंय?

आणि रक्तच बदलू म्हणणाऱ्यांसाठी मे 2024 चा पुण्यातला कल्याणीनगरचा अपघात. ससून रुग्णालयात अल्पवयीन चालकाच्या नमुन्याऐवजी आईचं रक्त ठेवल्याचा आरोप आहे. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही आणि डॉक्टरांसह आईवडीलही अटकेत गेले.