आखणीच्या आधीचा फोटो

५ डिसेंबर २०२३, मंगळवार. बेत पक्का होता. जीटीए सहा या व्हिडिओ गेमचा पहिला ट्रेलर अमेरिकेत सकाळी नऊला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला येणार, असं तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने आधीच सांगून ठेवलं होतं. ठाण्यात, नौपाड्यातल्या मित्राच्या घरी मोठा टीव्ही, चाळिशीच्या आगेमागे असलेले आम्ही पाच जण आणि माझा सतरा वर्षांचा भाचा. मी ऑफिसातून लवकर निघायचं आणि येताना कुंजविहारचे वडापाव आणायचे. मित्राच्या बायकोने तयारी बघून विचारलंही, "कोणाचा बघण्याचा कार्यक्रम आहे का आज?"

सकाळी सहाला फोन हातात घेतला तर भाच्याचे अकरा मेसेज. "मामा आला." "मामा उठ." "मामा झोपलायस काय!!"

आपल्याकडे पहाट होत असताना कोणीतरी तो ट्रेलर एक्सवर टाकून दिला होता, वर 'बिटकॉइन घ्या' अशी जाहिरात चिकटवून. मग रॉकस्टारनेही 'आमचा ट्रेलर फुटलाय, निदान खरा तरी यूट्यूबवर बघा' अशा अर्थाचं लिहून तो तिथल्या तिथे प्रसिद्ध केला. अकरा वर्षांनी या मालिकेतल्या नव्या गेमचं पहिलं दर्शन मी तोंडात ब्रश धरून, बाथरूमच्या दारात उभा राहून, पाच-सहा इंचांच्या स्क्रीनवर घेतलं. (जीटीए पाच सप्टेंबर २०१३ मधला, म्हणजे सव्वादहा वर्षं. पण वाट बघणाऱ्याचं कॅलेंडर वेगळं असतं.)

संध्याकाळी आम्ही जमलो. वडापाव खाल्ले. टीव्हीवर ट्रेलर लावला. तोपर्यंत प्रत्येकाने तो चार-पाच वेळा पाहिलेला. भाचा शेजारी बसून "आता मगर येईल बघ" असं धावतं वर्णन करत होता. कोणाच्याही तोंडून साधं "अरे!" निघालं नाही. ज्या एका "अरे!"साठी आम्ही जमणार होतो, तो सहा जणांनी सहा घरांत एकेकट्याने म्हणून संपवला होता.

कंपनीचं काय बिघडलं? काही नाही. चोवीस तासांत नऊ कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला तो ट्रेलर. बिघडलं ते आमचं, आणि तेसुद्धा आमच्यासारख्याच कोणा 'चाहत्या'ने बिघडवलं. चाहता हा शब्द अवतरणात टाकलाय, कारण त्यावरच बोलायचंय.

त्याआधी एक गणपतीची गोष्ट. विषयांतर वाटेल, पण नाहीये.

२०२२ साली कोरोनाचे निर्बंध उठले आणि दोन वर्षांनी मोठ्या मूर्ती आल्या. आमच्या मंडळात उत्साह नुसता उतू जात होता. मूर्ती कळव्याच्या बाजूला एका कारखान्यात होती. श्रावणात आमच्यातला एक पोरगा तिथे गेला आणि प्लास्टिक बाजूला करून त्याने फोटो काढला, स्टेटसला ठेवला. पांढरी मूर्ती, रंगाचा पत्ता नाही, एका हाताला पंजा बसायचा होता, आणि डोळे नाहीत. तासाभरात सुरू. "यंदा सोंड जरा जाड वाटते का?" "मागच्या मूर्तिकाराकडेच द्यायला हवी होती." एका वर्गणीदाराने थेट अध्यक्षांना फोन लावला. मूर्तिकार काका चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "आखणी व्हायचीय रे अजून. डोळ्यांशिवाय दाखवतात का कोणी?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. तोपर्यंत ती नुसती मूर्ती असते. आखणी झाली की तीच तुमच्याकडे बघायला लागते.

विसर्जनाला दहा दिवसही झाले नव्हते, १८ सप्टेंबरला जीटीए सहाच्या नव्वदेक क्लिपा इंटरनेटवर आल्या. काम अर्ध्यावर असलेला गेम. स्क्रीनभर डेव्हलपरांच्या सोयीचे आकडे, ठोकळ्यासारख्या वस्तू, आणि लुसिया नावाची नवी नायिका एका हॉटेलात दरोडा टाकताना. आणि लगेच सुरू: "हे काय ग्राफिक्स?" "एवढी वर्षं काय करत होते?" कोणी तर छातीठोकपणे लिहिलं की गेममध्ये ग्राफिक्सचं काम सगळ्यात आधी संपतं. मला थेट आमचा वर्गणीदारच आठवला.

त्यावर इतर कंपन्यांच्या डेव्हलपरांनी जे केलं ते मला फार आवडलं. 'कंट्रोल'सारख्या, ग्राफिक्ससाठी बक्षिसं मिळवलेल्या गेमच्या लोकांनी स्वतःच्याच जुन्या कच्च्या क्लिपा टाकल्या. सगळीकडे राखाडी ठोकळे आणि पुठ्ठ्याची वाटावी अशी माणसं. म्हणजे, बाबांनो, डोळे नसलेला गणपती आमच्याकडेही असतो.

क्लिपा फोडणारा ब्रिटनमधला सतरा वर्षांचा मुलगा निघाला. आधीच्या हॅकिंगमध्ये जामिनावर होता, पोलिसांनी हॉटेलात ठेवलेला, लॅपटॉप काढून घेतलेला. त्याने हॉटेलचा टीव्ही, ॲमेझॉनची फायर स्टिक आणि मोबाईल एवढ्यावर हे केलं. हे वाचून आमच्या ग्रुपवर "काय डोकं आहे!" अशी वाहवा झाली आणि खोटं कशाला बोलू, पहिली टाळी माझीच होती. पुढे कोर्टात रॉकस्टारने सांगितलं की निस्तरायला ५० लाख डॉलर आणि हजारो तास गेले. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला बेमुदत सुरक्षित रुग्णालयात ठेवायचा आदेश झाला. माझ्या भाच्याच्या वयाचा पोरगा. आता टाळी आठवली की कसंतरीच होतं.

पण तो हॅकर होता, तो विषय वेगळा. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल, जे फोडत नाहीत पण फुटलेलं आधाशासारखं बघतात. ही भूक कशाची आहे? गेम खेळायची नक्कीच नाही. फुटलेल्या क्लिपेत खेळण्यासारखं काहीच नसतं. ती भूक 'मला आधी कळलं' याची आहे. दहावीचा पेपर फुटला की तो विकत घेणाऱ्याला निदान मार्क तरी मिळतात. आपल्याला काय मिळतं? दुसऱ्याला "अरे, तुला माहीतच नाही?" म्हणायची सोय.

माझी शिक्षा मला लॉकडाउनमध्ये मिळाली. एप्रिल २०२०, घरात कोंडलेले, आणि 'द लास्ट ऑफ अस' या गेमचा दुसरा भाग यायला दोन महिने होते. त्याच्या क्लिपा फुटल्या. मी ठरवलं, बघायच्या नाहीत. आणि एका भलत्याच व्हिडिओखाली, बहुधा पावभाजीच्या, कोणीतरी एका ओळीत लिहून टाकलं होतं की कोण मरतं. (कोण ते इथे लिहिणार नाही. लिहिलं तर या पोस्टचा उपयोग काय!) १९ जूनला गेम आला, मी खेळलो, आणि तो प्रसंग येईपर्यंत प्रत्येक दृश्यात त्या माणसाकडे आजारी नातेवाइकाकडे बघावं तसा बघत राहिलो. गेम बनवणाऱ्यांनी धक्का द्यायचा ठरवला होता, मला मिळाली नुसती धाकधूक. त्याहून वाईट म्हणजे तुकड्यातुकड्यांवरून लोकांनी गोष्ट आपल्या मनाने जोडली, बरीचशी चुकीची, आणि गेम हातात येण्याआधीच द्वेष करायला सुरुवात केली. त्यातल्या एका पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला पुढे जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. संवाद बोलल्याबद्दल!

आणि डिसेंबर २०२३ मध्येच, आमचे वडापाव पचायच्या आत, इन्सॉम्नियाक या गेम स्टुडिओचं प्रकरण झालं. खंडणीखोर टोळीने ५० बिटकॉइन मागितले, ते मिळाले नाहीत म्हणून तेरा लाखांहून जास्त फायली उघड्यावर टाकल्या. सगळीकडे चर्चा वुल्व्हरिनच्या गेमची: कसा दिसतो, कधी येणार. त्याच ढिगात कर्मचाऱ्यांच्या पासपोर्टच्या प्रतीही होत्या. म्हणजे घरफोडी झालीय, आणि आपण शेजारी जाऊन विचारतोय, "कपाटात साडी कुठली होती हो?" एवढं वाचल्यावर मी वुल्व्हरिनची क्लिप उघडली का? उघडली. वीस सेकंद पाहिली आणि बंद केली. वीस सेकंद हा काही बचाव नाही.

आता कोणी म्हणेल, मामा कंपन्यांचा वकील झाला. नाही हो. कंपन्यांना लीकचा राग सोयीने येतो. 'बातमी आमच्या वेळी, आमच्या तोंडूनच' ही सवय त्यांनीच लावली आहे. ट्रेलरच्या घोषणेची घोषणा करायची, त्या घोषणेचाही टीझर काढायचा, आणि मग लोक उतावीळ झाले म्हणून रडायचं. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर रॉकस्टारने ब्रिटन आणि कॅनडातल्या तीसहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं. कंपनी म्हणते गोपनीय माहिती बाहेर दिली, कामगार संघटना म्हणते युनियन करत होते म्हणून काढलं. खरंखोटं तिथलं न्यायालय बघेल, पण ठाण्याच्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत ज्यांच्या घरचे कामाला होते त्यांनी 'शिस्तभंग' हा शब्द पुष्कळ ऐकलाय. आणि स्टुडिओत माणसं कशी पिळली जातात हे एखाद्या पत्रकाराने आतल्या लोकांशी बोलून छापलं, तर ते माझ्या लेखी लीक नव्हेच. ती बातमी आहे. शेवटी कोण मरतं हे छापणं ही बातमी नव्हे.

हेही कबूल करतो की दरवेळी नुकसान होतंच असं नाही. 'ऑब्लिव्हियन' या जुन्या गेमचा नवा अवतार येतोय हे मायक्रोसॉफ्टच्या कोर्टातल्या कागदांतून २०२३ मध्येच बाहेर पडलं होतं, येण्याच्या आठवडाभर आधी फोटोही फुटले, तरी २२ एप्रिल २०२५ ला तो आला आणि लोक तुटून पडले. आणि २०१८ मध्ये वॉलमार्टच्या कॅनडातल्या साइटवर चुकून 'रेज २'चं नाव झळकलं, तेव्हा त्या गेमच्या लोकांनी चिडण्याऐवजी लाल पेनाने चुका काढाव्यात तशी ती नोंदच दुरुस्त करून ट्वीट केली. असं हसता आलं तर उत्तमच. पण तिथे फुटलं होतं नुसतं नाव. कोणाचं अर्धवट काम चव्हाट्यावर आलं नव्हतं.

अर्धवट काम म्हटलं की मला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या गेमचा रिमेक आठवतो. युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंचं काम. आपली माणसं! सप्टेंबर २०२० मध्ये तो जाहीर होण्याच्या थोडं आधी रशियातल्या दुकानाच्या पानावरून फुटला, मग अधिकृत ट्रेलर आला, आणि जगाने जी टिंगल केली ती विचारू नका. त्यात आपलेही आघाडीवर, "इंडियन स्टुडिओ आहे, दुसरं काय होणार" म्हणत. तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, मे २०२२ मध्ये काम कंपनीच्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. तो ट्रेलर चांगला नव्हता हे खरं. पण कंपनीने स्वतः निवडून दाखवलेल्या गोष्टीवर लोक इतके तुटून पडतात, तर न विचारता उघड्या पडलेल्या कामाचं काय होत असेल?

आमच्या लहानपणी फुटायला काही नव्हतंच. गल्लीतल्या पार्लरमध्ये एक रुपयाच्या नाण्यावर 'मुस्तफा' खेळायचो. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. पुढे सायबर कॅफेत जीटीए मालिकेतलाच व्हाइस सिटी. तेव्हा होत्या त्या अफवा. अमुक पुलावर बाईक उलटी चालवली की तिसरं बेट उघडतं, असं एक मुलगा शपथेवर सांगायचा. आम्ही आठवडाभर बाईक समुद्रात घातल्या, तासाला वीस रुपये देऊन. बेट उघडलं नाही, पण तो आठवडा अजून लक्षात आहे. अफवेने आम्हाला गेममध्ये जास्त वेळ ठेवलं. लीक बघून झाली की गेम थोडा खेळून झाल्यासारखाच वाटतो.

भाच्याला हे सांगितलं की तो म्हणतो, "मामा, तुमच्याकडे नेट नव्हतं म्हणून." मुद्दा बरोबर आहे. पण मग सिल्कसाँग या गेमचं काय? 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' जाहीर झाला फेब्रुवारी २०१९ मध्ये. ॲडलेडमधली मूठभर माणसं गप्प बसून काम करत राहिली. साडेसहा वर्षं लोक वाट बघत स्वतःचीच चेष्टा करत राहिले, त्यातही एक वेगळीच मजा होती. ऑगस्ट २०२५ मध्ये म्हणाले, दोन आठवड्यांनी येतोय. ४ सप्टेंबरला आला तेव्हा गर्दीने ऑनलाइन दुकानं कोसळली. भाच्याने त्या संध्याकाळी मला फोन केला. मेसेज नव्हे, फोन. आणि बोलला काहीच नाही, नुसता ओरडला. ५ डिसेंबरचा आमचा राहिलेला "अरे!" तो हा.

त्यानंतर आम्ही ग्रुपवर नियम केला. जीटीए सहाची तारीख आता १९ नोव्हेंबर २०२६ अशी ढकललेली आहे आणि तोवर रोज काहीतरी फुटणार, निम्मं एआयने बनवलेलं खोटं. जो कोणी फुटलेली क्लिप, फोटो किंवा 'आतली खबर' ग्रुपवर टाकेल, त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचे. हिशेब मित्राची बायको ठेवते, कारण आमच्यातल्या कोणावर कोणाचा विश्वास नाही.

आजवर भाच्याच्या नावावर चौदा झालेत. माझ्या नावावर दोन.