अपंगांसाठी सोय करायचीय? या, मी शिकवते

नवी बिल्डिंग बांधताय का? ऑफिस, हॉल, क्लिनिक, काहीही असो. मग मीटिंगमध्ये कुणीतरी चोंबडा विचारणारच, की अपंगांसाठी काय केलंय आपण? अजिबात घाबरू नका. गेली कित्येक वर्षं मी व्हीलचेअरवर बसून तुमच्यासारख्यांनी केलेल्या सोयी उपभोगतेय, त्यामुळे या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे. सगळं सांगते, तेही फुकट.

आधी रॅम्प. जाणकार म्हणतात १:१२ चा उतार हवा, म्हणजे जोतं २ फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब. २४ फूट! तेवढ्यात तीन गाड्या लागतात की हो. तुम्ही ६ फुटांत उरका, पायऱ्यांच्या कडेला जागा उरते ना, तिथेच. चढताना चेअर मागे कलंडली की दोघंतिघं धावून येतात, तेवढ्याच ओळखी होतात. फरशी गुळगुळीतच घ्या, फोटोत चमकते. आणि रॅम्प संपला की दारात एक पायरी ठेवाच, "एवढीशी तर आहे" म्हणता येईल अशी.

लिफ्ट जरूर लावा, पण चार पायऱ्या चढून गेल्यावर.

मग अंधांना वाट कळावी म्हणून बसवतात त्या पिवळ्या खडबडीत टाइल्स. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या शोधल्या, १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. लांब रेघा पायाला लागल्या की चालत राहायचं, गोल उंचवटे लागले की थांबायचं, पुढे काहीतरी आहे, इतकं साधं. पण इतक्या खोलात कोण जातं? कॉन्ट्रॅक्टरला सांगा, छान दिसेल असं बघ. तो रेघांचा पट्टा थेट खांबावर नेऊन आदळवतो, अंध माणूसही त्यामागोमाग जाऊन आदळतो. पुढे त्याच पट्ट्यावर बाइक लागायला लागतात आणि विषयच संपतो.

फॉर्म ऑनलाइन टाका, पण कागदाचा फोटो काढून. अंधांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, स्क्रीन रीडर, तो फोटोपुढे गप्प बसतो.

३ डिसेंबरला जागतिक अपंग दिन असतो, तो धडाक्यात करा. सत्कार स्टेजवर ठेवा. स्टेजला पायऱ्या असतातच, त्यामुळे सत्कारमूर्तीला खाली ठेवून तुम्ही वरून भाषण करा.

आता टॉयलेट. यात खरी कला आहे. प्रशस्त बांधा, बाहेर निळी पाटी लावा, उद्घाटनाचे फोटो काढा आणि कुलूप घाला. चावी एकाच माणसाकडे द्यायची आणि तो माणूस कायम "आत्ता इथेच होता" असा पाहिजे. परवा एका झकपक बिल्डिंगमध्ये काम होतं, तिथे हे अगदी मनापासून पाळलेलं. चावीवाला सापडेपर्यंत तिथला एक जण मला विचारतो, मॅडम, सोबत कोणी नाही का? अरे, सोबत कोणी असतं तर तुझं कुलूप आपोआप उघडलं असतं का? शेवटी दार उघडलं तर आत मॉप, बादल्या, मोडक्या खुर्च्या, जुने बॅनर आणि छतापर्यंत खोके. चेअर फिरवायला दीड मीटरचा गोल मोकळा लागतो, इथे कमोड दिसत नव्हता. मदतीला बोलवायची धोक्याची दोरी होती, ती गुंडाळून वर बांधलेली, का तर म्हणे मॉपमध्ये अडकते! ती दोरी जमिनीपर्यंत असते कारण ती पडलेल्या माणसाने ओढायची असते, वर बांधलीत तर ती काय उभ्या माणसाने ओढायची? त्यावर साहेब हसून म्हणाले, "असे लोक फारसे येत नाहीत हो आमच्याकडे." कसे येतील? बाहेर पडायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतो आम्ही, कारण जिथे जायचंय तिथे लघवीला जागा मिळेल याची खात्री नसते. मणक्याला इजा झालेल्यांना लघवीच्या इन्फेक्शनचा धोका आधीच जास्त असतो, त्यात हे कमी पाणी पिणं, वर तासन्‌तास धरून ठेवणं. ताप आम्हाला येतो, तुम्हाला फक्त खोके ठेवायला जागा मिळते.

हो, आणखी एक टिप द्यायची होती, पार्किंगबद्दल. राहू दे. मूडच गेला.

सरळच सांगते. हे उपकार नाहीयेत. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार २००६ चा आहे, त्यातलं कलम ९ याच गोष्टींवर आहे, इमारती, रस्ते, वाहतूक, माहिती सगळं आलं त्यात. इतक्या वर्षांत तुम्हाला एक नकाशा आम्हाला दाखवून घेता आला नाही, फीत कापायला मात्र बरोब्बर फोन येतो. जोतं तोडून रॅम्प लांब करायला पैसे लागतील, वेळ लागेल, मान्य आहे. पण खोके उचलायला काय लागतं? दोरी सोडायला काय लागतं? लाज वाटू द्या जरा. ते कुलूप काढा, आजच काढा, आणि मॉप ठेवायला दुसरी जागा शोधा.