वर्षअखेरच्या कार्यक्रमावरील आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा वर्षाचा शेवट कसा साजरा करतात, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. तिला चार ओळींत उत्तर देणे बरे दिसले नसते, म्हणून हे स्वतंत्र लिहितो. तुमचे म्हणणे थोडक्यात असे की, हे सोहळे मुलांसाठी नसून फोटोंसाठी आणि वरिष्ठांच्या व्हॉट्सअॅप गटासाठी असतात. एप्रिलमध्ये शिकवायचे सोडून नाच बसवले जातात. पाचवीच्या मुलाला धड वाचता येत नसताना उत्सव कसला करायचा. सगळेच पास होणार असतील तर निकालाचे कौतुक काय. आणि हे सारे पालकांच्या वर्गणीतून चालते. तुमच्या लहानपणी १ मेला झेंडावंदन झाले, गुरुजींनी नावे वाचली, की मुले घरी पळत आणि त्यात कुणाला काही उणे वाटत नसे, असेही तुम्ही लिहिले आहे. तुम्ही स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून बँकेत अधिकारी झालात, तेव्हा हा राग घरच्या माणसाचा आहे हे मी जाणतो.

पैशांपासून सुरुवात करतो, कारण तो मुद्दा लवकर आटोपणारा आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान ठरलेले आहे. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, एकतीस ते शंभर असेल तर २५,००० रुपये. त्यातच खडू, रजिस्टरे, विजेचे बिल, स्वच्छतागृहाची देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची असल्याने कार्यक्रमासाठी त्यातून काही उरत नाही आणि शाळा गावाकडे वळते. वर्गणी ऐच्छिक असते असे आपण म्हणतो खरे, पण देणाऱ्यांची नावे ध्वनिवर्धकावरून वाचली जाऊ लागली की न देणाऱ्यांचीही आपोआप वाचली जातात. म्हणून मुकादमाची उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने आगाऊ दिलेली रक्कम, फेडणाऱ्या पालकाकडून रोख रक्कम घेऊ नये, या मताचा मी पूर्वीपासून आहे. कुणी रवा द्यावा, कुणी साखर, मंडपवाल्याने एक पाल टाकून द्यावे, एवढ्यात हा दिवस साजरा होतो. अंगणवाडीतल्या पोरांना एप्रिलच्या उन्हात भाड्याचा काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून ‘पदवीदान’ करण्याचा जो प्रकार तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडून आपल्याकडे शिरला आहे, त्याविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्यातला एक शब्दही मी कमी करणार नाही.

फोटोंच्या बाबतीत मात्र थोडे शिक्षकांच्या बाजूने सांगावेसे वाटते. शिक्षण विभागाच्याच २०२३ च्या हिशेबात राज्यात वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा सुमारे पंधरा हजार निघाल्या, आणि अशा शाळांचे पुढे काय करायचे याची चर्चा तेव्हापासून थांबलेली नाही. पहिलीला दोन मुले कमी आली तर आपले पद राहील का, हा प्रश्न ज्या शिक्षकासमोर आहे, तो शाळेचे चांगले फोटो गावाच्या गटावर टाकणारच; कारण कोपऱ्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रोज उभी असते. हे शोभत नसेलही, पण त्याला निव्वळ मिरवण्याची हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या आठवणीतल्या गावाचे वर्ष आणि मी ज्या गावांविषयी लिहिले त्यांचे वर्ष एक नाही. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक, ट्रॅक्टर नाहीतर बैलगाडीने बाहेर पडतात आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते, म्हणून दोघांपैकी एकाने मुलांसाठी मागे राहायची सोय नसते. गाळप मार्चमध्ये आटोपते, काही ठिकाणी एप्रिल उजाडतो. जून ते ऑक्टोबर हे आईबाप गावात असतात, पण तेव्हा ते खरिपात गुंतलेले असतात, आणि त्यानंतर ते गावात नसतातच. मूल आजी-आजोबांकडे राहते, किंवा हंगामी वसतिगृहात जेवते, किंवा सोबत जाऊन उसाच्या फडात धाकट्या भावंडाला सांभाळते. जानेवारीत पालक सभा ठेवली तर सतरंजीवर म्हातारी माणसे दिसतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. या गावांत पावसाळ्यात नेमलेली समिती दिवाळीनंतर बैठकीपुरतीही उरत नाही.

म्हणजे पालक आणि शाळा एकाच वेळी एका जागी सापडतात ते एप्रिलच्या शेवटी. तुम्ही ज्या नाचांविषयी चिडला आहात ते बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीच्या स्नेहसंमेलनातले असतात, आणि खरी विसंगती तिथे आहे: मूल रंगमंचावर उभे आहे आणि त्याचे आईबाप दोनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत आहेत. एप्रिलमध्ये नाच बसवायला शिक्षकाला वेळच कुठे असतो? २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिल अशा घेतल्या गेल्या आणि १ मेला निकाल द्यायचा होता. पाच-सहा दिवसांत पेपर तपासायचे, गुण चढवायचे, प्रगतिपुस्तके लिहायची, तेही सकाळची शाळा आणि दुपारी चाळीस अंशांचा पारा सांभाळून. त्या दिवसांत ढोलकी घेऊन बसलेला शिक्षक मला तरी दिसला नाही.

सगळेच पास होतात, हा आक्षेप आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तेव्हा आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले होते. २०१९ मध्ये केंद्राने त्यात बदल केला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम सुधारून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्याला पुन्हा एक संधी मिळते, तीही गेली तर तो त्याच वर्गात राहतो. प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदींची तुम्ही केलेली थट्टा मात्र मनापासून मान्य. ‘वर्गात लक्ष देतो’, ‘इतरांना मदत करतो’ ही वाक्ये पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांच्या पुस्तकात आढळतात, आणि सगळीच मुले इतरांना मदत करत असतील तर मदत घेतो कोण, हे कोडेच आहे.

पण प्रगतिपुस्तकात एक रकाना खोटे बोलत नाही. शिक्षकाच्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत निकाल हातात देण्याआधी उपस्थितीचे पान उघडून दाखवण्याचा मी प्रघात ठेवला होता. जुलैपासून वीस, चोवीस, बावीस असे आकडे चालत येतात, नोव्हेंबरात सात, आणि त्यापुढे मार्चपर्यंत नुसती रेघ. अक्षर न ओळखणाऱ्या आईलाही ती रेघ कळते. ‘हे आमी कारखान्यावर होतो तवाचं’, असे ती आपणहून म्हणते आणि मग खरे बोलणे निघते. पुढच्या वर्षी लेकराला वसतिगृहात ठेवायचे का, आजी सांभाळील का, सोबत न्यायचेच असेल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणारे पत्र, घेऊन तिकडच्या शाळेत दाखवायचे, हे सगळे त्याच पानावर बोट ठेवून ठरते. हा संवाद दिवाळीच्या आदल्या दिवशी, ट्रॅक्टर दारात उभा असताना होत नाही.

वाचनाविषयीची तुमची चिंता रास्त आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २३.४ टक्के होती. २०२२ मध्ये ती १६.३ टक्के होती, म्हणजे सुधारणा आहे, तरी दर चारांतली तीन मुले मागेच आहेत. यावर उपाय म्हणून तुम्ही उत्सव बंद करायला सांगता. मी वाचनच त्या दिवसाच्या मध्यभागी आणावे असे म्हणतो. चावडी वाचन आपल्याकडे नवे नाही. मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर मुलाने पुस्तक घेऊन उभे राहावे, पान पालकाने उघडून द्यावे आणि मुलाने पाच ओळी वाचाव्यात. पान शिक्षकाने निवडले तर धडा पाठ करून घेतला जातो, आणि ते लपतही नाही, कारण मूल पान उलटायच्या आधीच पुढचे वाक्य म्हणून मोकळे होते. जे मूल अजून शब्दांवर आहे त्याने शब्द वाचावेत, ओळीसाठी त्याला ताटकळत उभे करू नये. चारचौघांत अडखळलेले पोर जूनमध्ये शाळेकडे फिरकत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत मला सर्वांत खटकले ते ‘आठवीच्या मुलींचे निरोप समारंभ म्हणजे रडारडीचा कार्यक्रम’ हे वाक्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. कारणे गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. वाढती मुलगी मागे एकटी ठेवायची भीती वाटते, फडावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, सोबत न्यायची त्याहून जास्त, आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. मुहूर्त अक्षय्य तृतीयेच्या आसपासचे, म्हणजे नेमके निकालाच्या आगेमागे. गावची शाळा सातवी-आठवीला संपते, नववी शेजारच्या मोठ्या गावातल्या संस्थेच्या हायस्कुलात. मधल्या दीड महिन्यात ना ही शाळा तिची राहते, ना ती शाळा तिची झालेली असते. अशा वेळी सबंध गावासमोर तिचे नाव पुकारले जाणे आणि ‘ही जूनपासून अमक्या हायस्कुलात नववीला जाणार’ असे मुख्याध्यापकांनी, तिचा बाप समोर बसलेला असताना, मोठ्याने सांगणे याला वजन असते. चार माणसांत दिलेला शब्द फिरवणे गावात सोपे नसते. याने प्रत्येक लग्न थांबते असा माझा दावा नाही, पण पुढे वाद निघाला तेव्हा ‘तुम्ही त्या दिवशी मान डोलावली होती’ असे म्हणायला शिक्षकाजवळ काहीतरी असलेले मी पाहिले आहे.

सत्काराच्या यादीबद्दल एक जाता जाता. सरपंच, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी यांना शाल-श्रीफळ मिळते आणि महिना २,५०० रुपये मानधनावर, तेही वर्षातले दहाच महिने, पोषण आहार शिजवणारी बाई मागे पातेली घासत असते. पहिला नारळ तिला द्यावा. पाहुण्यांचे काही बिघडत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रस्ताव, की निकाल मोबाइलवर पाठवावा म्हणजे एक दिवस वाचेल. कायद्याने पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. त्यात हा एक दिवस जड होऊ नये. शिवाय घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात असतो, हंगामागणिक त्याचा नंबर बदलतो, आणि शाळा सोडल्याचा दाखला काही व्हॉट्सअॅपवर जात नाही. म्हणून माझी मागणी उलट दिशेची आहे. त्या दिवशी हायस्कुलाचा लिपिक प्रवेशाचे अर्ज आणि मुलींच्या एसटी पासाची माहिती घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलेला असावा आणि आठवीची एकही मुलगी अर्ज भरल्याशिवाय जेवायला उठू नये. त्यासाठी भाषणे निम्मी करावी लागली तर जरूर करावीत, आणि निवृत्त गुरुजी म्हणून दरवर्षी होणारे माझे भाषण त्यात आधी कापावे.