लायसन्सशिवाय क्लेम? तो निकाल जरा पुढेही वाचा

‘ड्रायव्हिंग लायसन्स नसलं तरी गाडीचा विमा निघतो, अपघात झाला तरी कंपनीला पैसे द्यावेच लागतात, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे’ असा पाच मुद्द्यांचा मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा तो घरच्याच ग्रुपवर आला आणि खाली नुकत्याच अठराच्या झालेल्या भाच्याचा प्रश्न: ‘मग मी गाडी काढू का?’ नको काढूस. का, ते मुद्द्यागणिक सांगतो.

पहिला मुद्दा, विमा निघतो. हे खरं आहे, नाइलाजाने मान्य. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते आणि मालकाच्या नावाने निघते. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सांगतं की रस्त्यावरच्या गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा, हवाच. मालकाला गाडी चालवता आली पाहिजे असं ते कुठेच म्हणत नाही. ड्रायव्हर ठेवलेले आजोबा, कंपनीच्या नावावरची गाडी, नवऱ्यामागे गाडी नावावर झालेली बाई, सगळ्यांना थर्ड पार्टीही मिळतो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमाही.

‘पॉलिसीत मुख्य चालक म्हणून दुसऱ्याचं नाव घाला’ हा दुसरा मुद्दा परदेशी सल्ल्याचं आंधळं भाषांतर आहे. इथल्या खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत चालकांची यादीच नसते. असते ती चालकाची अट. पॉलिसीचा कागद काढून बघा: कोणीही चालवू शकतो, मालकसुद्धा, पण अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू लायसन्स हवं आणि तो लायसन्ससाठी अपात्र ठरलेला नसावा. सगळा खेळ त्या ‘पण’वर आहे.

आता तिसरा मुद्दा, सुप्रीम कोर्टाचा. निकाल आहे, नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग, २००४, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. मेसेज लिहिणाऱ्याने त्याची पहिली ओळ ऐकलेली दिसते. अपघातात तिसऱ्याचा जीव गेला किंवा तो जायबंदी झाला, तर त्याच्या घरच्यांनी मालकाच्या चुकीपायी उपाशी राहू नये, म्हणून अपघात भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं. पण त्याच निकालात पुढे आहे की मालकाने अट मोडल्याचं सिद्ध झालं, तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्यासाठी नवा दावा लावायची गरज नाही, त्याच न्यायाधिकरणाचा आदेश पुरतो. मालकाने तीस दिवसांत पैसे भरले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणजे जप्ती. कमावत्या माणसाचा मृत्यू असेल तर भरपाई सहज काही लाखांत जाते. याला ‘क्लेम मिळाला’ म्हणायचं?

त्या निकालाने मालकाला दिलासा दिलाय तो वेगळ्याच ठिकाणी. ड्रायव्हर ठेवताना मालकाने लायसन्स नीट पाहिलं, ते खरं वाटत होतं आणि नंतर बनावट निघालं, तर दोष मालकावर येत नाही. म्हणून ड्रायव्हर ठेवताना लायसन्सची प्रत घ्या, लायसन्सच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर नंबर तपासा, मुदत आणि वाहनाचा वर्ग बघा. स्वतःच विनालायसन्स बसलेल्या मालकाला मात्र ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत तर तिसरा कोणी नसतोच. तिथे क्लेम सरळ नामंजूर होतो. अपवाद चोरीचा, किंवा उभ्या गाडीवर झाड पडण्याचा. गाडी कोणी चालवतच नव्हतं, तिथे लायसन्सचा प्रश्न येत नाही.

चौथा मुद्दा वाचून हसावं की रडावं कळेना: ‘क्लेम फॉर्मवर घरातल्या लायसन्सवाल्याचं नाव टाका.’ पोलिसांच्या एफआयआरमध्ये आणि साक्षीदारांच्या जबाबात चालक कोण ते येतं. दवाखान्याच्या एमएलसी (पोलीस केसमधल्या जखमींच्या नोंदीच्या) कागदावर जखमी कुठे बसला होता हे लिहिलेलं असू शकतं. सीट किती मागेपुढे होती, छातीवर पट्ट्याचा वळ कोणत्या खांद्यावरून गेलाय, टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात स्टिअरिंगवर कोण दिसतंय, हे कंपनीचा तपासनीस बघतोच. खोटं उघडं पडलं की क्लेम गेलाच, वर फसवणुकीचा गुन्हा. आणि ज्या भल्या माणसाने नाव दिलं, त्याने निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा आरोप आपण होऊन अंगावर घेतला. कोणी मेलं असेल तर मृत्यूचाही.

पाचवा, ‘लायसन्सची मुदत संपली तरी तीस दिवस चालतं’. पूर्वी चालायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढली. मुदत संपण्याआधी वर्षभर आणि नंतर वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, पण लायसन्स पुन्हा लागू होतं नूतनीकरणाच्या तारखेपासून. मधल्या दिवसांतला अपघात उघड्यावरच.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा लायसन्स नसलेल्या मालकाला लागू होत नाही. फॉर्मवर ‘लायसन्स आहे’ अशी खोटी खूण करून तो घेतला, तर हप्ता फुकट आणि वारसांच्या हाती काही नाही. शिवाय विनालायसन्स चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड आणि त्याला गाडी देणाऱ्या मालकालाही तितकाच, तो वेगळा.

भाच्याने करायचं ते इतकंच. आधी लर्निंग लायसन्स काढायचं. नियम पाळले तर पॉलिसीच्या अटीत तेही चालतं. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी. मागच्या सीटवर नाही. पुढे-मागे किमान १८ सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’, उंची निदान १० सेंटिमीटर. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला नको.