गज एक वीत वर

परवा रात्री साडेअकराला डुकरं भुईमुगात शिरली. मी कपाटाचं कुलूप काढलं, ठासणीची बंदूक घेतली, म्हणजे बंदुकीची दारू आणि गोळी तोंडातनं घालून गजानं ठासायची ती, आणि अंधारातच नळीत गज सारला. सुरुवातीला जरा आवळ गेला. गंज असेल म्हणून दोन-चार दणके दिले, तसा सरकत सरकत गेला आणि थांबला. एक वीत वर!

आमच्या गजावर आबांनी करवतीनं खाच पाडलेली आहे. नळी रिकामी असली की ती खाच बरोब्बर तोंडाशी येते. परवा ती वीतभर वर उभी, माझ्याकडं बघत. म्हणजे आत काहीतरी बसलंय. काय बसलंय? कधी बसलं? त्याच्या मागं दारू आहे का नाही? कुणाला विचारायचं? आणि तिकडं डुकरं निवांत. शेंगा फोडल्याचा आवाज बांधापर्यंत येत होता हो!

पहिला राग कुणावर आला सांगू? निवडणुकीवर. 2024 ला मे महिन्यात लोकसभा, बंदूक पोलीस ठाण्यात जमा. नोव्हेंबरात विधानसभा, परत जमा. कायद्यात ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन लिहिलंय की पीक राखायला हिचा परवाना मिळतो. आणि भात कापणीला आलं की बंदूक ठाण्याच्या खोलीत, गळ्यात चिठ्ठी बांधून, भिंतीला टेकून. आचारसंहिता माणसांना असते, डुकरांना नसते, हे कुणी लक्षात घेत नाही. तिथंच कुणीतरी काहीतरी कोंबलं असणार, माझी खात्रीच झाली.

मग कुंभारीण माशीवर संशय. ती बया भोक दिसलं की चिखल घेऊन हजर. कुलपाच्या भोकात, स्विचबोर्डात, एकदा तर माझ्या हेल्मेटात.

पण खरा संशय मेव्हण्यावर. स्वप्नील कुसाळे आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्यानं पॅरिस ऑलिंपिकहून 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, छाती आमचीही फुगली. पण त्या दिवसापासून आमचा मेव्हणा नेमबाज झाला. गणपतीला आला, बंदूक बघायला मागितली, गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला, श्वास धरला. अरे मर्दा, ही रायफल नव्हे! हिच्या नळीला आतून पिळाच्या खाचा नाहीत, हिनं पन्नास फुटांवरचा रेडा चुकतो. ही आवाज काढायला आहे. तोही निघत नाही आता.

रात्री बारा वाजता त्याला फोन लावला आणि जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. "दाजी, मी हात लावला तो बाहेरनंच," म्हणाला. मी म्हटलं, खोटारड्या.

सकाळी गल्ली गोळा. आणि काय ते सल्ले! एक म्हणाला, बूड शेगडीवर धरा, तेल सुटेल आणि आपोआप येईल. आत दारू असली तर काय काय आपोआप येईल, आं? दुसरा म्हणाला, तोंड लावून फुंकून बघा, वारा जातोय का. बंदुकीच्या तोंडाला तोंड! तिसरा सगळ्यात शहाणा. निपल, म्हणजे बुडाशी ठिणगीची टोपी बसते ते भोकाचं बोंड, ते काढा, चिमूटभर दारू सारा, टोपी लावा, उडवून द्या. खुळ्या, दारू घालायची विसरून गोळी तळाला टेकली असेल, तिथली ती युक्ती, आणि तीसुद्धा जाणत्या कारागिरानं करायची. इथं बोळा मध्येच अडकलाय, खाली वीतभर पोकळी. अशी बंदूक उडवली की नळी फुगते, नाहीतर फुटते. आणि नळी धरलेली असते डाव्या हातात. हात माझा, सल्ला तुझा!

टोपी बसवलेली नाही हे तीनदा बघितलं. तोंड भिंतीकडं केलं. निपल काढून त्या भोकातनं पाणी सोडलं, आत दारू असलीच तर भिजून मेली पाहिजे. वरून तेल सोडलं. आणि गज तेवढा घेऊन कोल्हापुरातलं उद्यमनगर, लेथ-कारखान्यांची वस्ती, गाठलं. बंदूक खांद्याला लावून शहरातनं हिंडायला मी काय संस्थानिक आहे? गजच पुरे झाला. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला एकजण विचारतोय, "काय, पडद्याचा रॉड का?"

उद्यमनगरात विमानाचं इंजिन मागितलं तरी "संध्याकाळी या" म्हणतील. लेथवाल्यानं गजाच्या टोकाला बसेल असं पितळी टोपण कातून दिलं, त्याला पुढं डुकराच्या शेपटीगत पिळाचा पोलादी काटा. डुकरासाठी बंदूक, बंदुकीसाठी डुकराची शेपटी. मला हसू आलं नाही.

घरी येऊन गज घातला. हलक्या हातानं फिरवत गेलो. एक पीळ, दोन पीळ, तिसऱ्याला काटा धरला असं मनगटाला कळलं. ओढला तर सुटला. परत. चौथ्या खेपेला फस्स करून आधी काळं पाणी आलं, मग तेलकट, चिकट, गंजानं तांबडा झालेला बोळा. सोडवून पसरला. हिरवी चिंधी, कडेला लाल काठ.

बायको भांडी घासत होती. तिथनंच म्हणाली, "ही माझ्या इरकलीची. ठाण्यात द्यायच्या आदल्या दिवशी तुम्हीच फाडून नेली की."

हां.

तेलात भिजवून तोंडाला बूच म्हणून मीच लावली होती. आत ओल जाऊ नये म्हणून. शेपूट बाहेर ठेवायचं होतं, ते ठेवलं नाही. परत आणल्यावर साफ करायची होती, ती केली नाही. आणि परवा अंधारात दणके देऊन आत खोलवर कुणी ठासली, ते वर लिहिलंच आहे. आबा बार काढला की त्याच रात्री नळीत उकळतं पाणी ओतायचे, कितीही वाजले असोत. या दारूचं कीट ओल ओढतं, सकाळपर्यंत नळी खातं. मी आपला "उद्या करू"वाला.

तरी ठाण्यावरचा राग गेलेला नाही. जमा करायलाच लावली नसती तर बूच कशाला मारलं असतं?

आता गज पूर्ण जातो, खाच तोंडाशी येते. भुईमुगाच्या चार सऱ्या गेल्या. काल रात्री वाट बघत बसलो, डुकरं आली नाहीत. मेव्हण्याचे तीन फोन येऊन गेले, काय निघालं विचारायला. उचलले नाहीत. कुंभारीण होती म्हणून सांगणार आहे.