मांजर हाकलायच्या आधी हे वाचा

'वृद्धांजवळ कुत्री-मांजरं नकोतच, सगळ्या ग्रुपवर पाठवा' हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आत्या राहते त्या वृद्धाश्रमात तो वाचून तिथलं मांजर लांब नेऊन सोडायचं ठरतंय, म्हणून लिहितोय.

त्यातला सगळ्यात भंपक मुद्दा: 'प्राण्याचा लळा लागला की म्हातारी माणसं माणसांशी बोलेनाशी होतात.' कुठे पाहिलं हे? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये (म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमातच) 1991 च्या सुमारास डॉ. बिल थॉमस यांनी 2 कुत्रे, 4 मांजरं आणि 100 पक्षी आणले. पिंजऱ्यांच्या आधी पक्षीच येऊन धडकले, तेव्हा त्यांना ब्यूटी पार्लरमध्ये सोडावं लागलं! पण पुढे, ज्यांना बोलता येत नाही असं सगळे धरून चालले होते, ती माणसं बोलायला लागली. खोलीबाहेर न पडणारे 'कुत्र्याला मी फिरवून आणतो' म्हणत नर्सकडे यायला लागले. दुसऱ्या एका नर्सिंग होमशी दोन वर्षं तुलना केली, तर इथल्यांना लागणारी औषधं तिथल्या निम्मी निघाली. त्यातही अस्वस्थपणा दाबायच्या गोळ्या खास कमी झाल्या. थॉमसनी झाडं लावली, मुलांचं येणंजाणं वाढवलं, त्यामुळे सगळं श्रेय प्राण्यांचं नाही, कबूल. पण बोलणं वाढलं की घटलं?

यात नवल काय? दिवसभर 'हे खा, ती गोळी घ्या, आता झोपा' एवढंच ऐकणाऱ्या माणसाकडे कुणीतरी वाटीपाशी बसून हक्काने ओरडतं, तेव्हा त्याला उठावंसं वाटतं. आत्याची तर शेजारच्या खोलीतल्या काकूंशी ओळखच मुळी मांजराला दूध कुणी द्यायचं या भांडणातून झाली.

'मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो.' नाही होत. अॅलर्जी असते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची. ज्यांना ती आहे किंवा मुळात दमा आहे, त्यांच्या खोलीत मांजर नको. बाकीच्यांनी का सोसायचं?

'चावलं तर पोटात 14 इंजेक्शनं.' पोटात द्यायची ती जुनी रेबीजची लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली. आता दंडात देतात, तीही मोजकीच. या जुन्या भीतीने लोक दवाखान्यात जायचं टाळतात, ते मात्र जिवावर बेतू शकतं. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

राहिला 'पायात येऊन पाडतात' हा मुद्दा. यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2009 च्या अंदाजानुसार तिथे कुत्र्या-मांजरांमुळे पडून वर्षाला 86 हजारांवर लोक जखमी होत. पण त्यात कुत्र्यांचा वाटा मांजरांच्या सातपटीहून जास्त, आणि इथे हाकलताय मांजराला! त्याची वाटी वाटेतून हलवा, रात्री व्हरांड्यात दिवा ठेवा आणि गळ्यात एक घुंगरू बांधा.